नव्या प्रोसेसरवर जुनी ऑपरेटिंग सिस्टम: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

आजचा कुठलाही नवा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर घ्या. पॉवरचं बटण दाबल्यावर तो जागा होतो तो १९७८ सालच्या ८०८६ च्या अवतारात. सोळा बिटांचा कारभार, मेमरीला संरक्षण नाही, एकच कोअर चालू, बाकीचे निवांत. त्यानंतर मदरबोर्डवरचं यूईएफआय (मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) त्याला झपाट्याने ३२-बिटच्या आणि मग ६४-बिटच्या अवस्थेत नेतं. तुम्हाला पडद्यावर काही दिसायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं.

म्हणजे ८०८६ ची भाषा हा प्रोसेसर अजून विसरलेला नाही. १९८५ च्या ३८६ ची ३२-बिट भाषा त्याला येते आणि २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉनसोबत आणलेली ६४-बिट भाषाही येते. तरीही त्यावर विंडोज ९८ टाकायला जा, ती सुरू होता होता कोसळते. एक्सपी निळी स्क्रीन दाखवते. विंडोज ७ इन्स्टॉल होऊ लागते आणि मध्येच माउस-कीबोर्ड मेल्यासारखे पडतात. मग निदान ठरलेलं: ‘प्रोसेसर नवा आहे ना, म्हणून चालत नाही.’

माझ्या मते या सगळ्या प्रकारात प्रोसेसरवर नाहक आळ येतो. इतकी जुनी सुसंगतता जपणारी दुसरी वस्तू कॉम्प्युटरच्या डब्यात सापडणार नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूला, किंवा जुन्या सिस्टमने मनात धरून ठेवलेल्या, कुठेही न लिहिलेल्या गृहीतकांमध्ये. मात्र काही ठिकाणी प्रोसेसरचा खरोखर संबंध येतो, आणि नेमकी तीच प्रकरणं सगळ्यात मजेदार आहेत. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू.

वेगाचा घोटाळा

जुन्या प्रोग्रामांना थोडा वेळ थांबायचं असेल तर ते रिकामं लूप फिरवत. काही करायचं नाही, नुसतं मोजत बसायचं. किती मोजलं म्हणजे एक मिलिसेकंद होतो हे मशीनगणिक बदलणार, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच एक छोटी चाचणी घेतली जाई. टर्बो पास्कलमध्ये ही चाचणी ‘सीआरटी’ नावाच्या युनिटमध्ये होती. पीसीच्या घड्याळाचा एक टिक साधारण ५५ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. झाला एका मिलिसेकंदाचा आकडा.

अडचण अशी की भागाकाराचं उत्तर १६ बिटांच्या जागेत मावायला हवं. त्या जागेत जास्तीत जास्त ६५,५३५ हा आकडा बसतो. हा कोड लिहिला तेव्हाच्या मशीनवर उत्तर त्याच्या आसपासही जात नव्हतं. पण पेंटियम २ च्या जमान्यात प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढे गेले आणि उत्तर मावेनासं झालं. भागाकाराचं उत्तर जागेत मावलं नाही, तर एक्स८६ (म्हणजे ८०८६ च्या घराण्यातला) प्रोसेसर जो इशारा देतो तोच शून्याने भागल्यावरही देतो. त्यामुळे पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ येई, ज्याचा अर्थ ‘शून्याने भागाकार’. प्रोग्रामरने कुठे शून्याने भागलं म्हणून कोडची ओळ न ओळ तपासावी, तर शून्य कुठेच नाही! प्रोग्राम सुरू होण्याआधीच, त्याने स्वतः लिहिलेली पहिली ओळ चालायच्या आत, तो मेलेला असे.

हे एका प्रोग्रामिंग भाषेचं झालं. विंडोज ९५ च्या पोटातही अशीच वेळ मोजणारी लूप होती. एएमडीच्या के६-२ प्रोसेसरचा वेग ३५० मेगाहर्ट्‌झ किंवा जास्त असेल तर विंडोज ९५ सुरू होताना ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ देऊन थांबायची. गंमत म्हणजे तेवढ्याच वेगाच्या इंटेल प्रोसेसरवर ती बिनतक्रार चालायची. कारण एएमडीने ‘लूप’ नावाची सूचना फार जलद केली होती, इंटेलवर त्याच सूचनेला कितीतरी जास्त वेळ लागे. लोकांनी साहजिकच एएमडीच्या नावाने बोटं मोडली, जरी त्या प्रोसेसरचा गुन्हा एवढाच होता की तो आपलं काम लवकर उरकत होता. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती काढली. पुढे प्रोसेसर २.१ गिगाहर्ट्‌झच्या पलीकडे गेले, तेव्हा विंडोज ९५ आणि ९८ च्या नेटवर्कच्या भागात, एनडीआयएस नावाच्या फाइलमध्ये, असंच आणखी एक लूप गचकलं. पुन्हा भागाकार, पुन्हा तोच ‘प्रोटेक्शन एरर’.

मेमरीचंही असंच. विंडोज ९८ च्या मशीनमध्ये ५१२ एमबीहून जास्त रॅम टाकली, की कधी कधी ती ‘मेमरी अपुरी आहे’ असं म्हणते. हा विनोद नाही. डिस्कवरच्या फायली हाताशी ठेवण्यासाठी विंडोज एक कॅश बाळगते, आणि रॅम जितकी जास्त तितकी ही कॅश मोठी करायची असा तिचा नियम आहे. पण ही कॅश ज्या पत्त्यांच्या पट्ट्यात बसते तो पट्टा ठरावीक, एक जीबीचा, आणि तिथे सिस्टमच्या इतर गोष्टीही राहतात. कॅशने पट्टा व्यापला की इतरांना पत्ते उरत नाहीत. रॅम ढीगभर मोकळी, पण तिच्यापर्यंत जायला पत्ताच नाही. ‘सिस्टम.आयएनआय’ फाइलमध्ये ‘मॅक्सफाइलकॅश’ची ओळ घालून कॅशला वेसण घातली की प्रश्न सुटतो. एक जीबीच्या पुढे मात्र एवढ्याने भागेलच असं नाही.

वीस-पंचवीस वर्षं दडून राहिलेली चूक

आता माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल.

प्रोग्राम मेमरीतला जो पत्ता वापरतो तो खरा नसतो. ऑपरेटिंग सिस्टम एक तक्ता ठेवते, त्याला पेज टेबल म्हणतात. ‘या प्रोग्रामचा अमुक पत्ता म्हणजे रॅममधली तमुक जागा’ अशा नोंदी त्यात असतात. प्रत्येक वेळी तक्ता उघडून पाहायचं म्हटलं तर सगळं कासवगतीने चालेल. म्हणून प्रोसेसर नुकत्याच वापरलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. या साठवणीचं नाव टीएलबी. मित्राचा नंबर डायरीत असतो, पण रोज लागतो म्हणून आपण तो पाठ करून टाकतो, तसंच हे. मित्राने नंबर बदलला आणि तुम्ही डायरीत खोडून नवा लिहिला, तरी डोक्यातला जुना पुसायला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

प्रोसेसरच्या नियमपुस्तकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: तक्त्यातली नोंद बदललीत, तर मला तसं सांगा. त्यासाठी ‘इन्व्हलपेज’ नावाची खास सूचना ४८६ पासून आहे, किंवा सीआर३ हे प्रोसेसरच्या आतलं रजिस्टर पुन्हा भरलं की साठवण साफ होते. विंडोज ९५, ९८ आणि एमई या तिन्हींच्या गाभ्यात एके ठिकाणी हे सांगायचं राहून गेलेलं आहे. तक्ता बदलला जातो, पण प्रोसेसरला कळवलं जात नाही.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मूळ पेंटियममध्ये डेटासाठी अवघ्या ६४ नोंदींची टीएलबी होती. नवी नोंद आली की जुनी बाहेर, आणि बाहेर पडणाऱ्यांत ती शिळी नोंदही असायची. आजच्या प्रोसेसरमध्ये दुसऱ्या पातळीची टीएलबी हजार-दोन हजार नोंदी सांभाळते, एएमडीच्या झेन २ पिढीत तर २,०४८. साठवण जितकी मोठी, तितकी शिळी नोंद तिच्यात रेंगाळण्याची शक्यता जास्त. झेन २ आणि त्यानंतरच्या रायझनवर आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर विंडोज ९८ इन्स्टॉल करताना मध्येच, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी, ती कोसळते. एकदा या फाइलवर, एकदा त्या फाइलवर. ज्यांना या दुखण्याचं मूळ माहीत नव्हतं ते सीडी खराब, रॅम खराब, डिस्क खराब असं करत बसले.

हौशी मंडळींनी याचा छडा लावला आणि ‘पॅचर९एक्स’ नावाचं छोटं साधन लिहिलं. ते विंडोजच्या गाभ्याच्या फाइलमध्ये दुरुस्ती करतं आणि वर सांगितलेली वेगाची लूपही सुधारतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ ची साथ २००६ सालीच सोडली. पण जी चूक कंपनीची साथ असेपर्यंत कधी दिसलीच नाही, ती कंपनीने दुरुस्त करायची तरी कशी?

प्रोसेसरची पिढी पुढे गेल्याने जुनी सिस्टम मोडली, असं या प्रकरणाबाबत म्हणता येईल. तरी बारकाईने पाहिलं तर प्रोसेसर नियमाने वागला, नियम सिस्टमने मोडला होता.

शहाणपण लपवणारा प्रोसेसर

कधी कधी उलटा प्रकार होतो. प्रोसेसर सिस्टमला समजणार नाही इतकं खरं बोलतो. ‘सीपीयूआयडी’ या सूचनेने सिस्टम प्रोसेसरला विचारते, तू कोण, तुला काय काय येतं, आणि तुझ्याकडे किती पानांची माहिती आहे? जुने प्रोसेसर म्हणत दोन पानं, तीन पानं. विंडोज एनटी ४ ला तीनपेक्षा मोठं उत्तर अपेक्षितच नव्हतं, मोठा आकडा ऐकला की ती सुरू होईना. त्यावर प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तोडगा काढला तो असा, की बायोसमध्ये (यूईएफआयच्या आधी मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर ते हे) ‘लिमिट सीपीयूआयडी मॅक्सव्हॅल’ नावाचा पर्याय दिला. तो चालू केला की प्रोसेसर मुद्दाम म्हणतो, माझ्याकडे तीनच पानं आहेत बरं का. एखाद्या जुन्या मदरबोर्डवर हा पर्याय कुणी चुकून चालू ठेवला आणि त्यावर नवी सिस्टम टाकली, तर तिला प्रोसेसरच्या अर्ध्या करामती दिसतच नाहीत. बायोसमध्ये अशा नावाचं काही दिसलं आणि तुम्ही एनटी ४ चालवत नसाल, तर ते बंदच असू द्या.

इतक्या सौजन्याचं कारण धंद्याचं आहे. नवा प्रोसेसर घेतल्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेनासं झालं तर नवा प्रोसेसर घेणार कोण? आयबीएमने हे फार आधी ओळखलं होतं. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टम/३६० मालिकेसाठी लिहिलेले प्रोग्राम आजच्या त्यांच्या मेनफ्रेमवर चालू शकतात. मात्र ही हमी प्रोग्रामांना आहे, जशाच्या तशा जुन्या ऑपरेटिंग सिस्टमला नाही. प्रोग्रामाला प्रोसेसर आणि सिस्टम एवढंच लागतं. सिस्टमला अख्खं मशीन ओळखीचं लागतं. घोडं खरं पेंड खातं ते इथे.

आजूबाजूची बदललेली वस्ती

एक्सपी २००१ साली आली तेव्हा हार्डडिस्क आयडीई केबलने जोडलेली असे. नंतर डिस्क जोडायला साटा आलं, त्याची एएचसीआय ही बोलण्याची पद्धत आली, पुढे वेगवान एसएसडीसाठी एनव्हीएमई आलं. एक्सपीच्या सीडीवर यातल्या कशाचेच ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूंशी बोलणारे छोटे प्रोग्राम, नाहीत. इन्स्टॉलेशन सुरू होतं, थोडं पुढे जातं, आणि ‘७बी’ या क्रमांकाची निळी स्क्रीन येते. तिचा अर्थ इतकाच की ज्या डिस्कवरून मला सुरू व्हायचंय ती डिस्क मला सापडत नाही. सुरुवातीला सीडीवरून वाचायला मदत करत असतं बायोस. एकदा सिस्टमने कारभार हाती घेतला, की बायोस बाजूला होतं आणि आपल्या ड्रायव्हरच्या जोरावर चालावं लागतं. ड्रायव्हर नाही म्हणजे डिस्क नाही. त्या काळी उपाय होता तो ‘एफ६ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला’ हा. साटाच्या काळातही फ्लॉपीच मागणारी सिस्टम! आता लोक ड्रायव्हर आधीच मिसळून इन्स्टॉलेशनची सीडी तयार करतात, किंवा बायोसमध्ये असेल तर साटाला आयडीईच्या पद्धतीने वागायला लावतात.

हाच प्रकार विंडोज ७ च्या यूएसबीचा. इंटेलच्या २०१५ मधल्या स्कायलेक पिढीच्या चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकण्यात आला. सगळे पोर्ट नव्या, एक्सएचसीआय कंट्रोलरच्या ताब्यात गेले, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या डीव्हीडीवर नाही. बायोसच्या पडद्यावर कीबोर्ड उत्तम चालतो. डीव्हीडीवरून सुरू करायला ‘कोणतीही कळ दाबा’ म्हटलं तेव्हाही चालतो. मग भाषा निवडायचा निळसर पडदा येतो, आणि माउसचा दिवासुद्धा विझतो. इतका वेळ कीबोर्ड बायोस सांभाळत होतं, आता विंडोजची पाळी आली आणि तिला यूएसबी म्हणजे काय तेच दिसत नाही. मदरबोर्डवर जुना गोल पीएस/२ पोर्ट शिल्लक असेल, तर त्याला लावलेला कीबोर्ड मात्र ठणठणीत चालतो. हे पाहिल्यावर प्रोसेसरचा यात काही संबंध नाही हे कुणालाही पटेल.

याच्या जोडीला आणखी बारीकसारीक विघ्नं आहेत. एक्सपीला नव्या बोर्डांवरचे वीजव्यवस्थापनाचे एसीपीआय तक्ते वाचता येत नाहीत आणि ती ‘ए५’ क्रमांकाची निळी स्क्रीन दाखवून बायोसलाच दोष देते. नव्या ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर जुन्या सिस्टमसाठी कुणी लिहीत नाही, त्यामुळे चित्र आलंच तर ते साध्या, धीम्या पद्धतीने येतं.

यूईएफआयचं प्रकरण मात्र बारीक नाही. जुन्या सिस्टमना बायोस लागतं. नव्या मदरबोर्डवर यूईएफआय असतं, पण त्यात बरीच वर्षं सीएसएम नावाचा एक भाग असे, जो बायोसचं सोंग घ्यायचा. इंटेलने २०२० पर्यंत हे सोंग बंद करायचं धोरण जाहीर केलं होतं, आणि त्यानंतरच्या कित्येक मशीनवर तो पर्यायच उरलेला नाही. सीएसएम नसेल तर डॉस, ९८ आणि नेहमीची ३२-बिट एक्सपी यांना सुरू व्हायला दारच नाही. विंडोज ७ ची ६४-बिट आवृत्ती यूईएफआयवरून सुरू होते खरी, पण तिलाही पडद्यावर चित्र काढायला बायोसची जुनी व्हिडिओ सेवा लागते. ती मिळाली नाही तर ‘स्टार्टिंग विंडोज’वर येऊन ती तशीच बसून राहते. म्हणून जुन्या सिस्टमसाठी मशीन निवडताना प्रोसेसरचं नाव वाचण्याआधी मी बोर्डमध्ये सीएसएम आहे का ते पाहीन.

चालते, पण चालू द्यायची नाही

वरच्या सगळ्या अडचणी तांत्रिक आहेत. एक अडचण निव्वळ धोरणाची होती, आणि तिच्यामुळेच ‘नवा प्रोसेसर म्हणून चालत नाही’ हा समज पक्का झाला असावा. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की यापुढच्या नव्या प्रोसेसरना फक्त त्या वेळची ताजी विंडोज साथ देईल. २०१७ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ साठी आलेल्या अपडेटमध्ये प्रोसेसरची पिढी ओळखण्याची सोय होती. मशीनमध्ये इंटेलची सातवी पिढी किंवा रायझन दिसला की ‘असमर्थित हार्डवेअर’ अशी पाटी येई आणि पुढचे अपडेट बंद. सिस्टम त्या प्रोसेसरवर चालत होती. तिची सुरक्षेची दुरुस्ती तेवढी रोखली होती, आणि तीही विंडोज ७ ची अधिकृत मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत बाकी असताना. नवा प्रोसेसर जुन्या सिस्टमवर तपासण्याचा खर्च कंपनीने का सोसावा, हे मला समजू शकतं. पण तपासणार नाही म्हणणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं.

६४-बिट आल्यावर काय सुटलं

प्रोसेसरने स्वतःहून एक दार मात्र खरंच बंद केलं आहे. ३८६ पासून ‘व्हर्च्युअल ८०८६’ नावाची सोय होती. ३२-बिट सिस्टम चालू असतानाच तिच्या आत डॉसचा प्रोग्राम चालवता येई. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत गेला की ही सोय मिळत नाही. म्हणून एकाच मशीनवर ३२-बिट विंडोज १० टाकली तर डॉसचा हिशेबाचा प्रोग्राम चालू शकतो आणि ६४-बिट टाकली तर चालत नाही. विंडोज ११ ची तर ३२-बिट आवृत्तीच नाही.

इंटेलने मे २०२३ मध्ये याच्याही पुढे जायचा प्रस्ताव मांडला होता. एक्स८६-एस नाव. प्रोसेसर थेट ६४-बिटमध्येच जागा होईल, १६-बिट अवस्था जाईल, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टमचा आधार जाईल, ३२-बिटचे साधे प्रोग्राम मात्र चालत राहतील. तसं झालं असतं तर या लेखातल्या बहुतेक सिस्टमना प्रोसेसरनेच दार दाखवलं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने हा प्रस्ताव गुंडाळला. म्हणजे तूर्तास तरी ८०८६ च्या अवतारात जागं होणं चालूच राहणार.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून आलेल्या मिश्र कोअरचा प्रश्न थोडा निराळा. थोडे कोअर दणकट, थोडे काटकसरी. जुन्या सिस्टमच्या लेखी सगळे कोअर सारखेच, त्यामुळे जड काम हलक्या कोअरवर जाऊन पडतं. सिस्टम चालते, फक्त वेडावाकडा वेग मिळतो.

मग करायचं काय?

जुनी सिस्टम थेट नव्या मशीनवर बसवण्याचा अट्टहास बहुतेकांना करायची गरज नसते. दोन रस्ते आहेत, आणि त्यांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

पहिला व्हर्च्युअल मशीनचा: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वगैरे. यात डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स सगळं खोटं, जुन्या सिस्टमला ओळखीचं असं उभं केलं जातं. प्रोसेसर मात्र तुमचा खराच असतो. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये त्यासाठी प्रोसेसरमध्येच सोय दिली. एक्सपी आणि विंडोज ७ साठी हा रस्ता उत्तम, कारण त्यांच्या अडचणी आजूबाजूच्या वस्तूंच्याच आहेत आणि त्या इथे नाहीशा होतात. विंडोज ९८ साठी मात्र यात फसगत होते. प्रोसेसर खरा, म्हणजे त्याचा वेग खरा आणि त्याची टीएलबीही खरी. वर सांगितलेली पडझड व्हर्च्युअल मशीनच्या आतही तशीच होते.

दुसरा एम्युलेटरचा. ८६बॉक्स, पीसीईएम, बॉक्स (Bochs), किंवा डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स. हे प्रोसेसरसुद्धा सॉफ्टवेअरने उभा करतात. ‘मला १३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम हवा, सोबत अमुक साउंड कार्ड’ असं सांगितलं की तसं मशीन मिळतं. त्यात वेगाचे घोटाळे होत नाहीत, कारण वेगच जुना आहे. किंमत मोजावी लागते ती कामाच्या ओझ्याची. एका जुन्या पेंटियमची नक्कल करायला आजच्या चांगल्या प्रोसेसरचा एक अख्खा कोअर घाम गाळतो. माझी साधी वाटणी अशी: डॉस आणि ९५-९८ साठी एम्युलेटर, २००० पासून पुढच्या विंडोजसाठी व्हर्च्युअल मशीन.

अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मशीनवर ही वाटणी लागू होत नाही. तो प्रोसेसर एआरएम या वेगळ्या घराण्यातला, त्याला एक्स८६ ची भाषाच येत नाही. रोझेटा २ हा दुभाषा मॅकचे इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम चालवतो, पण अख्खी जुनी विंडोज त्याच्या हाती देता येत नाही. तिथे क्यूएमयूसारखा पूर्ण एम्युलेटर हवा, आणि एक्सपीदेखील जरा रेंगाळतच चालते.

रस्ता कुठलाही असो, जुन्या सिस्टमला इंटरनेट देऊ नका. एक्सपीच्या नेहमीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. फाइल आत-बाहेर करायची असेल तर व्हर्च्युअल डिस्क किंवा आयएसओ (सीडीची नक्कल असलेली फाइल) वापरा, नेटवर्क कार्ड काढूनच टाका.

हे सगळं झाल्यावरही एक प्रसंग उरतो. कारखान्यातलं यंत्र किंवा प्रयोगशाळेतलं उपकरण मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या जुन्या आयएसए कार्डाने जोडलेलं असतं. नव्या बोर्डवर तो स्लॉट नाही, आणि एम्युलेटर कार्डाची नक्कल करील पण कार्डाला जोडलेल्या यंत्राची करणार नाही. अशा वेळी जुनं मशीन जपणं हाच शहाणपणाचा मार्ग. त्यातली डिस्क आज चालते आहे तोवर तिची संपूर्ण इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. शक्य असेल तर फिरत्या डिस्कच्या जागी आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावा. बायोसमधली डिस्कची सगळी मापं कागदावर उतरवून डब्याच्या आत चिकटवा, कारण बोर्डवरची बॅटरी संपली की तो बोर्ड ती विसरतो. आणि बॅटरी बोर्डला डाखलेली, बॅरलच्या आकाराची असेल तर ती गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकायच्या आधी काढा.